पानगळीनंतर वैशाख : दरेकसा ते कचारगड, एकट्यानं

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज मी बोलतोय कामठ्याहून, घरच्या मागच्या खोलीतून. मधेच कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या. ज्यांना कामठा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया तालुक्यातलं आमचं गाव, आजूबाजूला जिथं बघाल तिथं धानाच्या बांध्या. लहरीबाबांच्या आश्रमामुळे काहींनी नाव ऐकलं असेल. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि वर्षातले बरेच महिने इथूनच लॅपटॉपवर काम करतो.

बऱ्याच जणांचा मेसेज होता की सोलो ट्रेकवर एक भाग कर. आता आपल्याकडे ट्रेक म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? सह्याद्री, पावसाळा, धुकं, किल्ला, आणि रेनकोट घातलेली शंभर माणसं. आमच्या पूर्व विदर्भात तसा ट्रेक नाही. आमच्याकडे टेकड्या आहेत, जंगल आहे, आणि चालायला सगळ्यात वेगळा काळ म्हणजे पानगळीचा. म्हणून आज पानगळीत एकट्यानं चालण्याबद्दल बोलू. आणि त्यातून जी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती पाचोळ्याची. पायाखालचा पाचोळा. त्यावरच मुख्य बोलायचंय.

सुरुवात जरा लांबून करतो. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. दर सप्टेंबरच्या शेवटी तो मीटिंग सुरू व्हायच्या आधी फोटो दाखवतो. केनोशा पास नावाची खिंड आहे, साधारण दहा हजार फुटांवर. तिथं अ‍ॅस्पेन नावाच्या झाडांची बनं आहेत. पांढरी सरळ खोडं आणि वर पिवळीधमक पानं, हळद सांडल्यासारखी. हा गडी एकटाच सॅक घेऊन त्यातून चालत जातो. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे झुळूक आली की पान थरथरतं. आपल्या पिंपळाचं पान कसं वारा नसतानाही हलत असतं, तसंच काहीसं. कुळं वेगळी, पण सवय सारखी.

अ‍ॅस्पेनची खरी गंमत जमिनीखाली आहे. वर दिसतात ती हजारो झाडं, पण खाली मूळ एकच असू शकतं. मुळातून कोंब फुटतात आणि प्रत्येक कोंबाचं झाड होतं. अमेरिकेतल्याच युटा राज्यात, फिशलेक राष्ट्रीय वनात असं एक बन आहे, त्याला 'पांडो' म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ 'मी पसरतो'. सुमारे ४३ हेक्टरवर, सुमारे ४७ हजार खोडं, आणि आनुवंशिकदृष्ट्या सगळं मिळून एकच झाड. वजन अंदाजे ६ हजार टन. हे लक्षात ठेवा, कारण हेच आपल्या गोंदियाच्या जंगलातही सापडतं. थोड्या वेळानं येतो त्यावर.

आता तिथली पानगळ आणि आपली पानगळ यात फरक काय? तिथं दिवस लहान होतात, थंडी येते, झाडाला कळतं की आता काम बंद करायचं. पानातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि आधीपासून तिथंच असलेलं पिवळं द्रव्य दिसू लागतं. आपल्याकडे प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. ऑक्टोबरनंतर पाऊस संपतो. जमीन कोरडी पडत जाते. सागाचं पान बघा, सुपाएवढं. त्यातून पाणी उडत राहिलं तर झाड उन्हाळा काढणार कसं? म्हणून झाड पानातला उपयोगी माल शक्य तेवढा परत ओढून घेतं आणि पान टाकून देतं. पानगळ म्हणजे झाडानं उन्हाळ्यासाठी केलेली काटकसर.

आणि सगळ्यात मोठा फरक यानंतरचा आहे. तिथं पानगळीनंतर बर्फ येतो. पिवळी पानं बर्फाखाली दबतात, भिजतात, कुजतात. आपल्याकडे पानगळीनंतर वैशाख येतो. जानेवारी-फेब्रुवारीत गळालेलं पान पुढचे चार महिने उन्हात पडून राहतं, पापडासारखं कडक होतं, आणि पारा ४५ कडे सरकत असतो. तिथली पानगळ म्हणजे फोटो. आपली पानगळ म्हणजे जळण.

आता माझ्या चालण्याकडे येतो. मार्चचा तिसरा आठवडा, रविवार. जायचं होतं दरेकसा आणि तिथून कचारगड. नागझिरा का नाही, असं कोणी विचारेल. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं आपल्या मनानं पायी भटकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. कचारगड सालेकसा तालुक्यात आहे, तिथं माणसं पूर्वापार पायी जातात.

आई म्हणाली, "एकटाच कायले जातेस बाबू? संगं कोनी नाही का?" तिचं भ्या काही उगाच नाही. आमच्या लहानपणी दरेकसा हे नाव पेपरात यायचं ते नक्षल्यांच्या दलमच्या बातमीत. शिवाय मोहाच्या दिवसांत अस्वल असतं. अस्वलालाही मोहफूल आवडतं, आणि माणूस आणि अस्वल दोघंही पहाटे एकाच झाडाखाली येतात. त्यामुळे मी काही गोष्टी ठरवूनच निघतो. तिथल्या वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन. भावाला लिहून मेसेज: या वाटेनं जाणार, दुपारी दोनपर्यंत फोन नाही आला तर या नंबरवर कळव. उजाडल्यावरच जंगलात पाय. तीन लिटर पाणी. कानात इअरफोन नाही, माझा पॉडकास्टसुद्धा नाही. (हसतो.) एकटं जाणं म्हणजे कोणाला न सांगता जाणं नव्हे, हे मी सगळ्यांना सांगतो.

आमगावपर्यंत गाडीनं गेलो, तिथून डोंगरगडकडे जाणारी लोकल. आमगाव, सालेकसा, मग दरेकसा. सालेकसा सुटलं की सपाट धानाचा प्रदेश संपतो आणि टेकड्या रुळाला येऊन भिडतात. दरेकसाला उतरलं की जवळच हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, मार्चमध्ये मी आणि दोन बकऱ्या. तिथून धनेगावच्या दिशेनं चालायला लागलो. धनेगाव हे कचारगडच्या पायथ्याचं गाव.

जंगल पूर्ण उघडं झालेलं. एरवी दहा पावलांवरचं दिसत नाही, आता टेकडीची अख्खी पाठ दिसते. साग, धावडा, सालई, मोवई, सगळे काठ्यांसारखे. मधेच एखादा पळस, त्याची शेवटची फुलं खाली पडलेली. एखादं कुसुमाचं झाड, त्याला लालबुंद नवी पालवी. लांबून बघणाऱ्याला वाटेल की पानगळीचा रंग आहे, पण तो नव्याचा रंग आहे. आणि खडकाळ उतारावर कुल्लूचं झाड. काही भागात त्याला कांडोळ म्हणतात, कोणी भुताचं झाड म्हणतं. गुळगुळीत पांढरं खोड, अंगावर कागदासारखी सुटणारी साल, एक पान नाही. आमच्या कोलोरॅडोच्या मित्राला त्याचा फोटो पाठवला तर म्हणाला, अरे हे तर तुमचं अ‍ॅस्पेन! दिसायला असेल. पण मुळाच्या बाबतीत आपलं अ‍ॅस्पेन दुसरंच आहे.

ते म्हणजे तेंदू. बिडीचा तेंदू.

तेंदूचं मोठं झाड तुम्ही पाहिलं असेल, काळं, भेगाळलेलं खोड. पण बिडीला जे पान लागतं ते बहुतेक त्या मोठ्या झाडाचं नसतं. ते असतं जमिनीतून वर आलेल्या गुडघ्याएवढ्या झुडपांचं. आणि ती झुडपं बऱ्याचदा बियांतून नाही, मुळांतून फुटलेली असतात. वर तुम्हाला वीस झुडपं दिसतात, खाली मूळ एक असू शकतं. पांडोएवढं अवाढव्य नाही, पण युक्ती तीच. त्या दिवशी वाटेच्या कडेला पाचोळ्यातून वर आलेले तांबूस कोंब दिसले. मी खाली बसून बराच वेळ बघत होतो. मे महिन्यात याच कोंबांची पानं खुडली जाणार, ७० पानांचा एक पुडा बांधला जाणार, आणि धनेगावसारख्या गावांतल्या घरात शाळा सुरू व्हायच्या आधी रोख पैसा येणार. मोह आणि तेंदू, या दोन गोष्टींवर इथलं उन्हाळ्याचं घर चालतं.

आता इथंच पाचोळ्याचा प्रश्न येतो.

मुळातून फुटणाऱ्या झाडाचा एक नियम असतो. वरचा भाग गेला की मूळ जोरात कोंब काढतं. अ‍ॅस्पेनमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय. शेंड्याकडून खाली येणारं एक संप्रेरक, ऑक्सिन, मुळातल्या कोंबांना दाबून ठेवतं. झाड जळालं किंवा तोडलं की तो दाब जातो आणि कोंब उसळतात. तेंदूचंही वरून बघता तसंच दिसतं. मग लोकांचा समज काय होतो? की जंगलाला आग लावली तर तेंदूला पान चांगलं येतं. कोंब येतात, हे खोटं नाही. पण त्या आगीत धावड्याची, चारोळीची, बेहड्याची दोन-तीन वर्षांची रोपं जातात. त्यांच्याकडे तेंदूसारखी मुळाची ठेव अजून झालेली नसते. जमिनीवर पक्ष्यांची अंडी जातात. माती उघडी पडते, आणि पहिल्या पावसात वाहून जाते. जे काम आगीनं होतं ते कोयत्यानंही होतं. त्याला आमच्याकडे खुटकटाई म्हणतात: फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं खालून छाटायची, की नवी पानं येतात. फक्त त्याला मजुरी लागते. आग फुकट असते.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतं. त्याआधी जाळरेषा साफ करतात. म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातला पाचोळा आधीच काढून किंवा जाळून टाकायचा, म्हणजे आग आली तर तिथं थांबेल. हे काम करतात हंगामी मजूर. पाठीवर ब्लोअर, हातात फांदी. ८ एप्रिल २०२१ ला नागझिराच्या जंगलात आग विझवताना असेच तीन मजूर होरपळून गेले, दोघं जखमी झाले. आपल्याच जिल्ह्यांतली, आपल्या वयाची माणसं. ज्या पाचोळ्यावर चालताना मला 'काय मस्त आवाज येतोय' असं वाटतं, त्याच पाचोळ्यात. वारा फिरला की विझलेली वाटणारी आग पुन्हा उठते आणि माणसाला निघायला वाट राहत नाही.

हे मी दुःखी करायला सांगत नाहीये. सांगतोय कारण पानगळीत एकट्यानं चाललं की पहिला भ्रम होतो की जंगल रिकामं आहे. रिकामं मुळीच नसतं. पहाटे साडेसहा ते नऊ या वेळेत मला किमान पंधरा माणसं भेटली. कोणी मोह वेचत होतं, कोणी सरपण नेत होतं, कोणी गुरं घेऊन चाललं होतं. ट्रेक करणारा मी एकटाच होतो, जंगलात एकटा नव्हतो.

धनेगावच्या अलीकडे एक आजीबाई भेटल्या. मोहाच्या झाडाखाली खराट्यानं झाडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, एवढं झाडत बसता, लोक तर पेटवून देतात." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझे बूट पाहिले, मग म्हणाल्या, "पेटवला त लवकर होते बाबू. पन मंग फुलाले धुराचा वास लागते, काळा पडते. भाव कोन देईन?" मग थोड्या वेळानं, "अना आग का ऐकते? या झाडाखाली लावली त त्या डोंगरावर जाते."

मी विचारलं, जाळी पसरली तर? काही ठिकाणी मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरतात, फूल मातीत पडतच नाही. त्या म्हणाल्या, "झाडं आठ हायेत माहे. जाळी एक." बस, संपला विषय. मी जो उपाय लॅपटॉपवर वाचून गेलो होतो, त्याचा हिशोब त्यांनी चार शब्दांत करून दिला. 'जंगल जाळू नका' असं पोस्टर लावणं सोपं आहे. पहाटे चारला उठून आठ झाडांखाली खराटा मारणं वेगळं. ज्या गावात हातात जाळी आली, खुटकटाईची मजुरी वेळेवर मिळाली, तिथं आग लावायचं कारणच कमी होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानलाय, आणि आमच्या गोंदिया-गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. स्वतःचं पान, स्वतःचं जंगल म्हटलं की वणवा दिसल्यावर माणूस घरात बसत नाही.

पुढे कचारगड. चढ फार नाही, पण नऊनंतर उन्हाचा चटका बसतो. गुहा प्रचंड आहे, आत गेल्यावर आधी गारवा लागतो, मग डोळे सरावतात. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची कथा या गुहेशी जोडलेली आहे. गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवण्याची कथा. माघ पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते, अनेक राज्यांतून लोक येतात. मी गेलो तेव्हा शांतता होती. मी चपला-बूट बाहेर काढले, थोडा वेळ बसलो, फोटो काढला नाही.

तिथं एक गोष्ट डोक्यात आली. गोंडी परंपरेत ७५० कुळं मानतात, आणि प्रत्येक कुळानं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी यांना इजा करायची नाही. मी इंजिनिअर माणूस, लगेच गुणाकार केला. ७५० गुणिले ३, म्हणजे २,२५०. संरक्षणाची जबाबदारी कशी वाटून टाकलीय बघा. कोणा एकावर सगळा भार नाही, आणि कोणी मोकळाही नाही. खालून मूळ एक, वर खोडं वेगवेगळी.

आता माझ्या कामाच्या भाषेतली एक गोष्ट सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत बरेच जण आमच्याच क्षेत्रातले आहेत. जंगलातली आग उपग्रहावरून दिसते. नासाच्या 'फर्म्स' या संकेतस्थळावर साधारण तीन तासांत हे ठिपके येतात, कोणालाही फुकट बघता येतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था हीच माहिती वापरून वन कर्मचाऱ्यांना इशारे पाठवते, आणि सामान्य माणूसही त्यासाठी नोंदणी करू शकतो. मी आमच्या जिल्ह्याचे ठिपके नकाशावर टाकून बघत असतो. पण त्याची मर्यादा समजून घ्या. यातल्या 'विअर्स' या उपकरणाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर गुणिले ३७५ मीटर, जवळपास १४ हेक्टर. त्या १४ हेक्टरमध्ये आग नेमकी कुठं आहे, हे तो सांगत नाही. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधे लागलेली आणि विझलेली आग त्याला दिसत नाही. काही ठिपके तर जंगलातले नसतातच, शेतातली तणस जाळलेली असते.

म्हणजे शेवटी काय लागतं? जमिनीवरचा माणूस. ज्याच्या नाकाला धुराचा वास येतो, ज्याला वाट माहीत आहे, आणि ज्याच्याकडे फोन आहे. आजीबाईंकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, त्या माझ्याकडे नव्हत्या. माझ्याकडे तिसरी होती.

म्हणून तुम्हाला पानगळीत चालायला यायचं असेल तर जरूर या. आमचं जंगल फेब्रुवारी-मार्चमध्येही बघण्यासारखं असतं, फक्त हिरवं शोधू नका. पण चार गोष्टी पाळा. एक, काडेपेटी, सिगारेट, चहाची चूल, काहीही नाही. डबा घरून आणा. दोन, पहाटेच्या अंधारात मोहाच्या झाडांकडे जाऊ नका, ती वेळ वेचणाऱ्यांची आणि अस्वलाची. तीन, कुठं जाताय हे गावातल्या एका माणसाला आणि घरातल्या एका माणसाला सांगून जा. चार, धूर दिसला तर स्वतः विझवायला धावू नका. आधी वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाजूला व्हा आणि १९२६ वर फोन करा. ही महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे. जवळच्या ओळखीच्या खुणा सांगा: नाला, देऊळ, मोठं झाड. नेटवर्क नसेल तर जो पहिला माणूस भेटेल त्याला सांगा, गाव पुढचं बघतं.

आणि हो, दुपारी एक वाजता दरेकसा स्टेशनवर परत आलो आणि भावाला फोन केला. तो झोपला होता. (हसतो.) पण नंबर त्याच्याकडे होता, हे महत्त्वाचं.

पुढच्या भागात आपण तेंदूवरच बोलणार आहोत: झाडावरच्या पानापासून बिडीच्या कारखान्यापर्यंत, आणि त्यातला पैसा कुठं कुठं जातो. तुमच्या भागात पानगळीत आग कशी थांबवतात, मोहाखाली काय पसरतात, हे मला नक्की लिहून कळवा. मी ते पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, उन्हात पाणी पीत राहा. नमस्कार.